पीएस ५ स्लिमचा सुटा डिस्क ड्राइव्ह : घ्याच

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरची फुटबॉल मॅच संपली की मंगळवार पेठेतली पोरं आमच्या माडीवर जमतात आणि पीएस ५ वर, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ५ या गेम कन्सोलवर, दुसरी मॅच लागते. कन्सोल घेताना पैसे वाचवायला मी डिजिटल स्लिम, म्हणजे डिस्कची खाच नसलेला, घेतला. पीएस ४ च्या अकरा डिस्क मग कपाटातच राहिल्या. त्यात फिफा २३ हा फुटबॉलचा गेम होता, पोरांचा जीव की प्राण. गेम बनवणारी ईए कंपनी आणि फिफा ही फुटबॉल संघटना यांची फारकत झाल्यावर २०२३ मध्ये जुने फिफा ऑनलाइन विक्रीतून काढले. आता नव्याने कुणाला तो गेम घ्यायचा तर डिस्कच शोधायला लागते. म्हणून दुबईतल्या मेव्हण्याला सांगून डिस्क चालवणारा सुटा ड्राइव्ह मागवला.

मी उद्यमनगरात लेथवर असतो, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिचं फिटिंग बघतो. हे फिटिंग एक नंबर आहे. वायर काढली, कन्सोल आडवा ठेवला, खालचं कव्हर ओढून काढलं. ड्राइव्ह खाचेत सरळ दाबला आणि खट्ट करून बसला. पाना नाही, स्क्रू नाही. ड्राइव्हसोबत आलेलं कव्हर लावलं, बोट फिरवून बघितलं, कुठं फट नाही.

पहिल्यांदा जोडताना मात्र इंटरनेट लागतंच. त्या दिवशी वळवाच्या पावसानं घरचं वायफाय गेलं होतं, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम भागवलं. दुसऱ्या पीएस ५ ला लावायचा तरी परत तेच करायचं. हे मला पटत नाही. पार्ट बसला की तो चालला पाहिजे.

डिस्क घातली तरी गेम आधी एसएसडीवर, म्हणजे कन्सोलच्या आतल्या स्टोरेजवर, उतरतो, तेवढा वेळ घरघर ऐकू येते. नंतर शांत. पीएस ४ च्या अकराही डिस्क चालल्या. पीएस ३ च्या चालत नाहीत, गाण्यांच्या सीडीही नाहीत. सिनेमाची फोर के ब्लू-रे डिस्क चालते.

कन्सोलचा पुढचा रस्ता बघितला की काळजी वाटते. २०२४ च्या पीएस ५ प्रोमध्ये ड्राइव्ह नाही, वेगळा घ्यायचा. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एसला डिस्कची खाचच नाही. निन्टेंडोच्या २०२५ च्या स्विच २ चे काही गेम तर कार्डवर येतात, पण कार्डात नुसती किल्ली, गेम डाउनलोडच करायचा. आमच्या गल्लीत एक डिस्क चार घरं फिरते, खेळून झाली की निम्म्या किमतीत दुसऱ्याला जाते. नवीन गेम न परवडणारी पोरं त्यावरच खेळतात. पुढच्या कन्सोलला खाच राहिली नाही तर त्यांनी काय करायचं?

डिजिटल स्लिम असेल आणि जुन्या डिस्क असतील तर डोळे झाकून घ्या. फिफा २३ काल पुतण्यानं शेजारी दिलाय, रविवारच्या आत परत आणायच्या बोलीवर.