स्टीव्हन युनिव्हर्स: हिऱ्याच्या काउंटरवरून बघितलेलं कार्टून

आधीच सांगते, स्पॉयलर आहेत आणि भरपूर आहेत, कारण ते टाळून या सिरीजमधल्या डायमंड बायकांबद्दल बोलताच येत नाही. ज्यांना बघायचीये त्यांनी आधी बघा, मग परत या.

तर मी गेली नऊ वर्षं एका सराफी दुकानात हिऱ्याच्या काउंटरला आहे. दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती, ती म्हणाली मावशी, तुझ्या कामाचं एक कार्टून आहे, त्यात हिरे राज्य करतात. मी म्हणलं आमच्याकडे पण तेच करतात. पण बसले बघायला आणि मग सुट्टी संपून ती घरी गेली तरी माझं चालूच, रोज रात्री भांडी आवरली की दोन एपिसोड.

कार्टून नेटवर्कची सिरीज, रिबेका शुगरने बनवलेली, 2013 ला सुरू झाली. पाच सीझन मिळून 160 एपिसोड, एकेक अकरा-बारा मिनिटांचा, मग 2019 ला एक पिक्चर आणि त्यानंतर 2020 च्या मार्चपर्यंत चाललेला स्टीव्हन युनिव्हर्स फ्युचर नावाचा शेवटचा 20 एपिसोडचा भाग. स्टीव्हन नावाचा एक गोलमटोल मुलगा, बाप माणूस, आई रोझ परग्रहावरची, तिकडच्या राज्याविरुद्ध बंड केलेली, आणि तिचा रत्नाचा खडा याच्या बेंबीत. तिकडचे सगळेच असे, म्हणजे मूळ जीव खड्यात आणि अंग नुसतं प्रकाशाचं. कोण काय करणार ते जन्मताच ठरलेलं, क्वार्ट्झ म्हणजे सैनिक, पेरिडॉट म्हणजे टेक्निशियन, मोती म्हणजे हाताखालची, पाणी द्यायला दाराशी उभी राहणारी. आणि सगळ्यांच्या वर चार हिरे. व्हाइट, यलो, ब्लू, पिंक.

सुरुवातीचे बरेच एपिसोड डोनट, समुद्रकिनारा, बकरी असल्या फालतूपणात जातात, मला कंटाळा आला हे कबूल करते, दोनदा झोप लागली. यलो डायमंड स्क्रीनवर यायला दोन सीझन संपत येतात. पण तोवर त्यांची खूण आपण पन्नास वेळा बघितलेली असते आणि लक्षच दिलेलं नसतं, ही खरी हुशारी. जुन्या भग्न वास्तूंवर चार हिऱ्यांची खूण आहे, वर पांढरा, बाजूंना पिवळा आणि निळा, खाली गुलाबी. नंतरच्या यानांवर, कपड्यांवर तीनच, खालचा गायब. कुणी बोलत नाही त्याबद्दल. घरातल्या ग्रूप फोटोतून एखाद्या माणसाला कापून काढावं आणि पाहुण्यांनी विचारलं की विषय बदलावा, तसं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय मला हे का आवडलं ते कळणार नाही. हिऱ्याचा कलर आम्ही डी पासून झेड पर्यंत मोजतो. डी म्हणजे अजिबात रंग नाही, पाण्यासारखा. जसजशी पिवळी झाक चढेल तसा भाव उतरत जातो. मोजताना खडा पांढऱ्या ट्रेमध्ये पालथा ठेवायचा, शेजारी ठरलेले नमुन्याचे खडे, आणि बघत बसायचं की हा त्याच्यापेक्षा किती मळका. म्हणजे अख्खी मोजणीच एका गोष्टीवर, पांढऱ्यापासून तू किती लांब. व्हाइट डायमंडची विचारसरणी शब्दशः हीच आहे! तिच्या मते ती एकटीच शुद्ध, बाकी सगळे म्हणजे तिच्याच प्रकाशात मिसळलेली घाण, आणि ती घाण काढून त्यांना पांढरं करणं हे तिला प्रेम वाटतं. ज्याच्यावर तिची सत्ता चालते त्याचा रंग उडून जातो, करड्या फोटोसारखा होतो तो माणूस आणि तोंडातून हिचाच आवाज.

आणि मजा पुढे आहे. पिवळ्या हिऱ्यात पिवळेपणा येतो नायट्रोजनमुळे, निळ्यात निळेपणा बोरॉनमुळे. म्हणजे खरंच बाहेरचं काहीतरी मिसळलेलं. पण गुलाबी हिऱ्यात रंग देणारं तसं काही सहसा सापडत नाही, काही गुलाबी हिरे तर रसायनाच्या हिशोबाने उत्तम पांढऱ्याइतकेच शुद्ध असतात. जमिनीखाली दाब पडून आतली कार्बनची रचनाच पिळवटलेली असते, रंग त्या पिळातून येतो. हे लिहिणाऱ्यांना माहीत होतं का मला नाही माहीत, पण पिंक डायमंडची गोष्ट नेमकी तीच आहे ना, पोरीत खोट नव्हती, तिला दाबून दाबून तसं केलं.

(भाव विचाराल तर 2017 ला हाँगकाँगमध्ये 59.60 कॅरटचा पिंक स्टार 7 कोटी 12 लाख डॉलरला गेला. बसा म्हणावं पांढऱ्याला डी ग्रेड घेऊन.)

बरं, शरीराचं बघा. व्हाइटचा खडा कपाळावर, यलो-ब्लूचे छातीवर, पिंकचा बेंबीवर. आणि त्यांची यानं काय, तर व्हाइटचं डोकं आणि धड, यलो आणि ब्लूचा एकेक हात, पिंकचे पाय. चौघी मिळून एक बाई होते. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पॉज करून भाचीला फोन लावला रात्री साडेअकराला, ती म्हणाली मावशी मला क्लास आहे सकाळी. पण विचार करा ना, डोकं घरातून बाहेरच पडत नाही, युगानुयुगं एका जागी बसलंय, हात राबतात, आणि पाय? पाय पळून गेले. पृथ्वीवर.

मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते यलो आणि ब्लूच्या नात्यानं. व्हाइट सगळ्यांना माहितीये तशी वरची, पण या दोघी मधल्या जावा आहेत हो! वरून सासूचा दाब आणि खाली धाकटी हट्टी. पिंक गेल्यावर (म्हणजे मारली गेली असं सगळ्यांना वाटतं तेव्हा) ब्लू नुसती रडते, आणि तिची ताकदच अशी की ती रडली की आजूबाजूच्या सगळ्यांच्या डोळ्यातून आपोआप पाणी. यलो काय करते तर कामाला लागते, वसाहती वाढव, रिपोर्ट माग, पृथ्वी उडवून टाक म्हणजे आठवणच नको. पिंकने माणसं ठेवलेली एक जागा असते, प्राणिसंग्रहालयासारखी, गुलाबी भिंतीबिंती तशाच जपलेल्या, ब्लू तिथे जाऊन बसते आणि यलो तिला गाणं म्हणत समजावते की भावनांचा उपयोग काय. यलोला आवाज पॅटी लुपोनचा आहे, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर संगीत नाटकं करणारी बाई, त्या गाण्यात ती इतकी ठाम आहे की आपल्याला कळतं ती ब्लूला नाही, स्वतःलाच बजावतेय. माझ्या घरात आजोबा गेले तेव्हा आईने पंधरा दिवस कपाटं लावली होती. तेच.

कोर्टाचा एपिसोड तर माझ्या मते पूर्ण सिरीजचा कळस आहे. स्टीव्हनवर पिंकच्या खुनाचा खटला (खून रोझने केला असं सगळे धरून चालतात, आणि तिचा खडा याच्याकडे), वकील दोन झिरकॉन, एक निळी एक पिवळी, न्यायाधीश स्वतः डायमंड आणि फिर्यादी पण स्वतः डायमंड. निळी झिरकॉन घाबरत घाबरत साधे प्रश्न विचारत जाते, की एवढा लवाजमा होता तर मारेकरी पालखीपर्यंत पोचलाच कसा, पहारेकरी काय करत होते, आणि विचारता विचारता तिच्याच लक्षात येतं की हे फक्त एखाद्या डायमंडलाच शक्य होतं. ती हे मोठ्याने बोलते. यलो काय करते? वीज सोडून दोन्ही वकिलांना खड्यात परत. स्वतःच्या बाजूच्या वकिलाला पण! सत्ता कशी चालते हे यापेक्षा कमी वेळात मला कुणी दाखवलेलं नाहीये.

आणि निळी बरोबर होती, फक्त तिला पूर्ण माहीत नव्हतं. बंडखोर रोझ म्हणजे पिंकच. स्वतःच्या राज्याविरुद्ध स्वतःच बंड करून स्वतःच्याच मरणाचं नाटक केलं. एका एपिसोडमध्ये स्वप्नात दिसतं की पिंक यलोकडे वसाहत मागतेय, यलो कामात, बघत पण नाही, तर पिंक चिडून काचेवर बुक्की मारते आणि काच तडकते. ती काच लक्षात ठेवा. आपल्याला रोझची बाजू घ्यायची सवय लागलेली असते, पण जिचं कुणी ऐकलं नाही ती पण तशीच डायमंड होती, तिच्या हातात पण तेवढीच ताकद होती आणि हाताखाली मोती होता.

आता तक्रार. व्हाइटचा शेवट. कल्पना एक नंबर आहे, सगळे तिच्या ताब्यात, तिने स्टीव्हनचा खडा नखांनी उपटून काढलाय आत पिंक सापडेल म्हणून, आणि सापडतो स्टीव्हनच. मग ती पोरासारखी आदळआपट करते, तो म्हणतो मी तर लहानच आहे, तुझं काय, आणि तिच्या पांढऱ्याफटक गालावर गुलाबी लाली चढते. लाली! तिच्या हिशोबाने डागच तो. डी ग्रेडची बाई चारचौघात ग्रेड उतरली आणि तिचा सगळा कंट्रोल सुटला. इतकं सुंदर रचलंय आणि मग पुढच्या काही मिनिटांत सगळे पृथ्वीवरच्या पाण्यात बसून बिघडलेल्या रत्नांना बरं करतायत. अरे हजारो वर्षं ग्रह पोखरलेत यांनी, एवढ्यात माफ? भाची म्हणते मावशी मुलांची सिरीज आहे. असेल, पण ज्यांनी कोर्टाचा एपिसोड लिहिला त्यांना यापेक्षा अवघड शेवट जमला असता. पिक्चरमध्ये तर तिघी स्टीव्हनच्या मागे मागे लाडात येतात, ते मला बघवलं नाही.

फ्युचरमध्ये थोडी भरपाई होते. तिथे यलो फुटलेले खडे जोडत बसलीये, ब्लू लोकांना रडवायच्या ऐवजी आनंदाचे ढग सोडते, आणि व्हाइट आता उलटं करते, दुसऱ्याला आपल्या शरीरात शिरून आपल्याला चालवू देते. स्टीव्हन शिरतो आणि तिचं डोकं खांबावर आपटायला लागतो. मला त्या सीनला घाम फुटला, कारण माफ केलंय हे तो तोंडाने म्हणाला होता, हाताला कुणी विचारलं नव्हतं.

पाचपैकी चार. पहिला सीझन चाळत बघितला तरी चालेल, खटल्यापासून मात्र एक पण सोडू नका, आणि फ्युचर बघाच, त्यातला जुन्या मोत्याचा एपिसोड तर नक्की. ही पिंकची पहिली मोती, व्हाइटने नंतर स्वतःकडे ठेवून घेतलेली, हसरा चेहरा आणि एका डोळ्यावर तडा. आपल्याला वाटत असतं तडा व्हाइटने पाडला. तर तो पिंकने पाडलेला असतो, लाडक्या पिंकने, एकदा रागाने किंचाळताना, आणि बरं करायला नेलं तरी तो भरत नाही. आमच्याकडे नवीन मुलगी कामाला लागली की पहिल्या दिवशी सांगतात, मोत्याची माळ आणि हिऱ्याची अंगठी एका डबीत टाकायची नाही. हिऱ्याला काही होत नाही.