जिरावन, मेतकूट की शेंगदाण्याची चटणी? ट्रेकच्या जेवणाला चव कशाने आणायची

इंदूरहून ट्रेकला निघणाऱ्याच्या सॅकमध्ये दोन गोष्टी न विचारताच शिरतात, जिरावनची, म्हणजे वरून भुरभुरायच्या कोरड्या मसाल्याची, पुडी आणि शेव. रामबाग, लोकमान्य नगर अशा भागांतल्या आपल्या मराठी घरांत त्यात मेतकूट आणि शेंगदाण्याच्या चटणीची भर पडते. सगळंच घ्यायचं म्हटलं तर नुसत्या चवीचं ओझं किलोभर होतं. सकाळी जानापाव चढून संध्याकाळी घरी परतणार असाल तर खुशाल काहीही न्या. पण पचमढीत तीन-चार दिवस हिंडायचं असेल, किंवा मालवा एक्सप्रेसने पठाणकोट गाठून पुढे हिमालयातल्या धौलाधार रांगेत चढायचं असेल, तर हात आवरावा लागतो.

आपल्याला काय आवडतं ते नंतर बघू. आधी पातेल्यात काय कमी पडणार आहे ते बघा. मॅगीत मीठ आणि मसाला मुबलक असतो, तूप-तेल आणि प्रथिनं मात्र जेमतेम. खिचडीचं नेमकं उलटं, पोट भरतं पण तिसऱ्या दिवशी तोंड वळतं. रेडीमिक्स उपम्याला आंबटपणा हवा असतो. दुसरी गोष्ट उंचीची. साधारण ३०० मीटर चढलं की पाणी उकळण्याचं तापमान एका अंशाने उतरतं, म्हणजे ३,५०० मीटरवर ते ८८ अंशांच्या आसपास येतं. तिथे इंधनही मोजूनमापून वापरायचं असतं. कच्ची धणेपूड किंवा अख्खा खडा मसाला अशा पाण्यात कच्चाच लागतो. त्यामुळे जे आधीच भाजलेलं आहे, तेच न्यायच्या लायकीचं.

या कसोटीवर जिरावन आणि मेतकूट दोन्ही उतरतात, आणि खरी चुरस त्यांच्यातच आहे. जिरावनमध्ये जिरं, धणे, बडीशेप, आमचूर, सुंठ, हिंग आणि काळं मीठ असतं. म्हणजे खारट, आंबट, तिखट आणि वास, सगळं एका चिमटीत. उकडलेला बटाटा, कोरडे पोहे, काकडी, अगदी फिकं वरणसुद्धा त्याने जागं होतं. पण ते वरून भुरभुरायचं, शिजवायचं नाही. उकळत्या पाण्यात टाकलंत तर वास वाफेबरोबर जातो आणि मागे नुसतं मीठ उरतं. मॅगीत घालायचं तर तिचा स्वतःचा मसाला अर्धाच टाका, नाहीतर रात्रभर पाणी पीत बसाल. शिवाय काळ्या मिठामुळे पावसाळी हवेत त्याचा गोळा होतो. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या घरात असतील तर त्यांत थोडंथोडं भरून न्या. एक ओली झाली तरी बाकीच्या वाचतात.

मेतकुटात तो चटकदारपणा नाही. घरी आजारी माणसाला मऊ भातावर देतात म्हणून त्याच्याकडे बघायची आपली नजरही जरा तशीच असते. ट्रेकवर मात्र मी त्याला जिरावनच्या वर ठेवतो. भाजलेली हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, गहू, थोडी मेथी आणि सुंठ, म्हणजे हा मसाला कमी आणि अन्न जास्त. पातळ झालेली खिचडी दोन चमच्यांत मिळून येते. मगभर गरम पाण्यात मीठ-तुपाबरोबर कालवलं की सूप तयार, स्टोव्ह पुन्हा पेटवायला नको. मात्र ते थेट उकळत्या पाण्यात टाकू नका. वरून शिजून आत कोरड्या राहिलेल्या गुठळ्या चमच्याने फोडता फुटत नाहीत. आधी मगाच्या तळाशी चार चमचे गार पाण्यात लापशीसारखं कालवायचं, मग ढवळत गरम पाणी ओतायचं. दोन दिवसांच्या फिरतीला जिरावन पुरे. त्याहून लांब जाणार असाल आणि एकच नेता येणार असेल, तर मेतकूट घ्या.

शेव की शेंगदाण्याची चटणी, हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, पण इंदूरकराला पटवणं अवघड. शेव जागा फार खाते. जीआय मानांकन मिळालेली रतलामी असो की आपली लौंग शेव, सॅकमध्ये तिचा भुगा होणारच, आणि पाकीट फोडलं की दमट हवेत ती लगेच सादळते. भुग्याचं दुःख नाही, कारण मॅगीत घातलेली शेव मिनिटभरात भिजून रस्सा दाट करते आणि शेवभाजीच्या जवळ जाणारं काहीतरी हाती येतं. कुरकुरीतपणासाठी नेणार असाल तर पहिल्या दोन दिवसांपुरतीच न्या. शेंगदाण्याची चटणी दाबून भरता येते. १०० ग्रॅम दाण्यांत साधारण ५७० कॅलरी आणि २५ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि उपमा, खिचडी, पोळी, नूडल्स, कशालाही ती चालते. आठवड्याहून जास्त दिवस असतील तर तिच्यात सुकं खोबरं घालू नका, ते उन्हात लवकर खवट होतं. लसूण घातलात तर दोन पिशव्यांत बांधा. नाहीतर स्लीपिंग बॅगसुद्धा खमंग होते.

तूप की तेल? दोन्हींत ग्रॅममागे नऊ कॅलरी, म्हणजे वजनाच्या हिशेबात यांच्यापुढे कोणी टिकत नाही. थंडीत तूप दगड होतं म्हणून रुंद तोंडाच्या डबीत भरा. दगड झालं तरी ते सांडत नाही, हाच त्याचा गुण. तेलाची बाटली कितीही घट्ट लावा, झिरपतेच. चवीतही तूप पुढे.

आंबटपणासाठी लिंबू की आमचूर? ताज्या लिंबाची सर आमचुराला नाही, पण लिंबू म्हणजे बहुतेक पाणीच पाठीवर वाहायचं. पहिल्या दोन दिवसांसाठी दोन-तीन लिंबं घ्या, पुढे आमचूर. जिरावन नेत असाल तर आमचूर वेगळं नको, ते त्यात आहेच. कसुरी मेथी मूठभर ठेवा, वजन नगण्य आणि फिक्या डाळीत कमाल करते.

तेलातलं लोणचं घरीच राहू द्या. त्याऐवजी सियागंज बाजारात किंवा घराजवळच्या किराणा दुकानात लोणच्याचा कोरडा मसाला मिळतो, तो घ्या. मोहरीची डाळ, मेथी, हिंग, हळद, तिखट आणि मीठ. चमचाभर गरम तुपात टाकून उकडलेल्या बटाट्यावर ओता आणि त्या दिवशी मॅगीचं पाकीट सॅकमध्येच राहू द्या.