पाच लिटरचा ‘इको-फ्रेंडली’ डबा: सोसायट्यांना साफसफाईच्या मालात असं फसवतात

ठाण्याकडच्या एका गृहनिर्माण संस्थेने वर्षभराचा साफसफाईचा माल एकाच पुरवठादाराकडून घेतला. पांढरं फिनाइल, संडासासाठी निळं लिक्विड, फरशीसाठी हिरवं ‘बायो-एन्झाइम’ आणि हायपोक्लोराइट (‘हायपो’, म्हणजे द्रवरूप ब्लीच), सगळं ५ लिटरच्या डब्यांत. दर बाजारापेक्षा बराच कमी. लेबलवर हिरवं पान, ‘९९.९% जंतुनाशक’, ‘अ‍ॅसिड-फ्री’, ‘१००% इको-फ्रेंडली’. रहिवाशांनीही तोच माल घरोघरी घेतला. काही महिन्यांत कचराखोलीचा वास हटेना, जिन्यातली शहाबादी फरशी पांढुरकी आणि खरखरीत झाली, सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या टाकीतून कुजका वास येऊ लागला. मग डबे तपासले गेले. चार डबे, आणि प्रत्येकात फसवणुकीची तऱ्हा वेगळी. हाच माल नाव बदलून ठिकठिकाणी फिरतो, म्हणून सविस्तर लिहितो आहोत.

आधी फिनाइल. दुधासारखा रंग आणि पाइनचा वास आला की गिऱ्हाईक समाधानी होतं. पण रंग येतो तो इमल्सिफायरमुळे, म्हणजे तेल पाण्यात मिसळून ठेवणाऱ्या पदार्थामुळे, आणि वासाला थोडं पाइन तेल किंवा नुसता सुगंध पुरतो. बाजारात तयार अर्क मिळतो, त्यात पाणी घातलं की फिनाइल तयार. अर्क बनवणारा जिथे १ लिटरला २० लिटर पाणी सांगतो, तिथे लोभी विक्रेता ४० लिटर घालतो आणि दुधाळपणा टिकवायला इमल्सिफायर वाढवतो. मग सफाई कामगार तेच बादलीत एक बूच टाकून पुन्हा पातळ करतो. जंतू मारण्याइतकं त्यात काही उरतच नाही.

जंतुनाशक द्रवांसाठी औषधे नियम, १९४५ मधली अनुसूची ‘ओ’ आहे. काळ्या आणि पांढऱ्या द्रवांच्या प्रती (दर्जे) तिथे ‘रिडील-वॉकर गुणांका’वर ठरतात: पहिल्या प्रतीला १८, दुसरीला १०, तिसरीला ५. टायफॉइडच्या जंतूंवर हा द्रव शुद्ध फिनॉलच्या किती पट प्रभावी ठरतो, ते हा आकडा सांगतो. म्हणून ‘जंतुनाशक’ असं छापलेल्या फिनाइलच्या डब्यावर प्रत, गुणांक, उत्पादनाची तारीख आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक शोधा. या डब्यावर यातलं काहीच नव्हतं. पुढे मोठ्या अक्षरांत ‘जंतुनाशक’ आणि मागे बारीक अक्षरांत ‘फक्त स्वच्छतेसाठी’. ही मागची ओळ मुद्दाम असते. प्रकरण अंगाशी आलं की विक्रेता तीच पुढे करतो.

घरी एवढं करता येईल. पारदर्शक ग्लासात ९५ मिली पाणी आणि ५ मिली फिनाइल ढवळून ठेवा. काही तासांत वर तेलाचा थर आला किंवा तळाला साका बसला, तर माल वाईट आहे हे नक्की. पण द्रावण एकसारखं राहिलं म्हणून माल चांगला ठरत नाही, कारण ती करामत इमल्सिफायर एकटाही करतो. जंतू मरतात की नाही हे फक्त प्रयोगशाळा सांगते. डबा वजनकाट्यावरही ठेवा. पांढरं फिनाइल जवळपास पाणीच असल्याने ५ लिटर म्हणजे सुमारे ५ किलो, अधिक रिकाम्या डब्याचं वजन. कमी भरलं तर लगेच कळतं.

दुसरा डबा सगळ्यांत घातक. ‘अ‍ॅसिड-फ्री’ लिहिलेल्या निळ्या लिक्विडचा थेंब अंड्याच्या टरफलावर टाकला, तर लगेच फसफसलं. टरफल, संगमरवर, शहाबादी, कडप्पा हे सगळं मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि दगड झिजतो. फरशी पांढरी पडण्याचं कारण हेच, आणि टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंटही असंच खाल्लं जातं. नामांकित टॉयलेट क्लीनरमध्येही हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं, साधारण १० टक्के. पण ते टक्केवारीसकट छापलेलं असतं, इशारा असतो, बूच लहान मुलांना सहज उघडत नाही. इथे आम्ल घट्ट करून, निळा रंग देऊन, वर ‘अ‍ॅसिड-फ्री’ लिहून विकलं होतं.

ही नुसती पैशाची लूट नाही. ‘अ‍ॅसिड नाही’ असं वाचून कामगार त्यातच ब्लीचिंग पावडर किंवा हायपो मिसळतो आणि क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात तो काही क्षणांत घसा आणि फुप्फुसं धरतो. असं झालं तर काही आवरत न बसता ताबडतोब मोकळ्या हवेत या, दारं-खिडक्या उघडी ठेवा. डोळ्यांत उडालं असेल तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. खोटं लेबल छापणारा या कामगाराच्या जिवाशी खेळतो, आणि त्याला मास्क-हातमोजे न देणारी समितीही त्यात वाटेकरी होते.

सुट्या अ‍ॅसिडबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी स्पष्ट बंधनं घातली आहेत. विक्रेत्याने नोंदवही ठेवायची, ओळखपत्र पाहायचं, खरेदीचं कारण लिहायचं, १८ वर्षांखालच्या कोणालाही विकायचं नाही. जुन्या पाण्याच्या बाटलीत अ‍ॅसिड भरून दारावर विकणारा यातलं काहीच पाळत नाही. त्याला दारातूनच परत पाठवा.

सांडपाणी केंद्राचा वासही याच डब्याशी जोडलेला होता. तिथलं काम जिवाणू करतात. घराघरांतून आम्लाचा मारा झाला की ते मरतात आणि मैला तसाच राहतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अटी पाळायची जबाबदारी संस्थेची असते, डबे विकणाऱ्याची नव्हे.

हायपोचं थोडक्यात: ते ऊन आणि उष्णतेने कमजोर होत जातं. पारदर्शक डबा, तारीख नाही, टक्केवारी नाही, असा माल घेऊ नका. ६ टक्क्यांच्या १ भाग हायपोत ५ भाग पाणी घातलं की १ टक्क्याचं द्रावण होतं. मूळ टक्केवारीच माहीत नसेल तर हा हिशेब करताच येत नाही.

आता हिरवं ‘बायो-एन्झाइम’. खरं बायो-एन्झाइम १ भाग गूळ, ३ भाग लिंबूवर्गीय फळांच्या साली आणि १० भाग पाणी तीन महिने आंबवून होतं. ते तपकिरी असतं, आंबट वासाचं असतं आणि हलवल्यावर साबणासारखा फेस धरत नाही. डब्यातला द्रव पोपटी होता आणि बाटलीत हलवताच फेस वर चढला. म्हणजे साधा डिटर्जंट, रंग आणि सुगंध. ‘फॉस्फेट-मुक्त’ या शिक्क्यालाही भुलू नका. फॉस्फेट हा मुख्यतः कपड्यांच्या पावडरीतला घटक, फरशीच्या लिक्विडमध्ये तो सहसा घालतच नाहीत.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा हिरव्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘नॅचरल’ असं मोघम लिहून चालत नाही, दाव्याला आधार द्यावा लागतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. सरकारचं स्वतःचं पर्यावरण चिन्ह म्हणजे इकोमार्क, मातीच्या मडक्याचं. नुसतं हिरवं पान कोणीही छापू शकतं. आयएसआय चिन्ह दिसलं तर त्याखालचा ‘सीएम/एल’ परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाका. तिथे परवानाधारकाचं नाव आणि उत्पादन दिसतं. ते डब्याशी जुळलं पाहिजे.

चारही डब्यांवर उत्पादकाचा पूर्ण पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि एमआरपी नव्हती. पुरवठादाराचं उत्तर ठरलेलं: ‘हा संस्थांसाठीचा माल आहे, त्याला हे छापावं लागत नाही.’ वेष्टित वस्तू नियम, २०११ मध्ये संस्थात्मक ग्राहकांच्या मालाला आणि २५ लिटरपेक्षा मोठ्या पिंपांना सूट आहे, हे खरं. पण तेच ५ लिटरचे डबे घरोघरी किरकोळीने विकले, तर ती सूट मिळत नाही.

तक्रार करायची तर आधी पुरावा जपा: जीएसटी बिल, लेबलचे फोटो आणि त्याच बॅचचा एक न उघडलेला डबा. माप आणि लेबलसाठी वैध मापन शास्त्र यंत्रणा, जंतुनाशकाच्या परवान्यासाठी अन्न व औषध प्रशासन, बाकी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि मालासाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. उरलेला माल गटारात ओतू नका, अ‍ॅसिड आणि हायपो तर एकत्र मुळीच नको. लेखी पोच घेऊन पुरवठादाराला परत करा. रिकामे डबे आणि नामांकित कंपन्यांच्या बाटल्या भंगारात देण्याआधी लेबल फाडा आणि तळाला भोक पाडा, नाहीतर त्याच बाटल्यांत नकली माल भरून पुन्हा विकला जातो.