पहिल्या बिअरला डार्क एलचा डबा घ्या, लागर नको

आपल्या बेळगाव-खानापूरकडची लई पोरं आता ऑस्ट्रेलियात आहेत, कोण शिकायला कोण नोकरीला, आणि तिकडं घरी बिअर करणं कायदेशीर असल्यामुळं बऱ्याच जणांना तो नाद लागतोच. मी अॅडलेडला दादाकडं राहून आलो, त्याच्या गॅरेजमध्ये कूपर्स कंपनीच्या तयार अर्काच्या डब्यातनं बिअर कशी होते ते पहिल्यापासनं शेवटपर्यंत बघितलं, केलं आणि पिलोही, आणि परत आल्यापासनं टिळकवाडीत जो भेटेल तो आपल्या भावासाठी नाहीतर मेहुण्यासाठी एकच विचारतोय, पहिली कुठली करायला सांगू? म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट. हे इथं बेळगावात करायचं नाही. कर्नाटकात 1965 च्या अबकारी कायद्याप्रमाणं लायसन्स नसताना घरी बिअर करणं गुन्हा आहे. तिकडं स्वतःसाठी केलेली चालते, खरं विकायची नाही, आणि दारू गाळायची तर अजिबात नाही.

कूपर्स ही अॅडलेडचीच जुनी ब्रूअरी, थॉमस कूपरनं 1862 साली सुरू केलेली आणि अजून त्याच घराण्याकडं आहे. त्यांचा घरगुती डबा 1.7 किलोचा, आत माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) घट्ट अर्क, हॉप्सचा (बिअरला कडू करणाऱ्या फुलांचा) कडूपणा त्यातच आलेला, आणि झाकणाखाली यीस्टचं पाकीट. म्हणजे धान्य भिजवा, उकळा, गाळा ही सगळी भानगड वाचते. एका डब्यात 23 लिटर बिअर होते. लागर, ड्राफ्ट, रिअल एल, डार्क एल (एल म्हणजे जरा उबेत आंबणारी बिअर), स्टाउट (काळी, दाट बिअर) असे प्रकार मिळतात, आणि चूक होते ती इथंच. आपण सगळे किंगफिशर पिऊन मोठे झालो, ती लागर, म्हणून हात आपोआप लागरच्या डब्याकडं जातो.

खरं बिअर निवडताना जिभेपेक्षा खोलीचं तापमान आधी बघायचं. खरी लागर 10 ते 13 डिग्रीला सावकाश आंबवावी लागते, त्याला वेगळा फ्रीज पाहिजे, नंतर कित्येक आठवडे थंड ठेवायची. शिवाय ती इतकी हलकी आणि स्वच्छ चवीची असते की जरा कुठं काही बिनसलं की पहिल्या घोटालाच कळतं. एलचं यीस्ट 18 ते 22 ला खुशीत काम करतं. आंबोळीचं पीठ डिसेंबरात आणि एप्रिलमध्ये कसं वेगवेगळं फुगतं ते आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे, इथंही तसंच, फक्त इथं जास्त उष्णतेनं चव बिघडते. आणि डार्क एलमध्ये भाजलेल्या माल्टची चव भरपूर असल्यानं नवख्याच्या हातची लहानसहान कसर त्यात झाकली जाते. स्टाउट पण झाकते, खरं ती पहिल्यांदा पिणाऱ्या चार मित्रांपैकी सगळ्यांना आवडेलच असं नाही. म्हणून माझं मत डार्क एल.

अॅडलेडला जानेवारीत पारा 40 च्या वर जातो, तेव्हा फ्रीज नसेल तर हात लावू नका. एप्रिल-मे नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर चांगला, भर थंडीत करायची तर फर्मेंटरला, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याला, गरम ठेवायचा पट्टा मिळतो तो घ्या.

डब्याबरोबर अजून एक किलोभर गोड काहीतरी घालावं लागतं. तिथं पैसे वाचवायला साधी साखर घालू नका, बिअर पातळ होते आणि सफरचंदाच्या आंबट रसासारखा वास येतो. ब्रू एन्हान्सर 2 नावाचं तयार मिश्रण घ्या, त्यात डेक्स्ट्रोज (ग्लुकोज), हलका माल्ट आणि माल्टोडेक्स्ट्रिन (न आंबणारी पिठूळ पावडर) असतं, तोंडात जरा भरीवपणा येतो आणि फेसही टिकतो. दोनेक लिटर गरम पाण्यात सगळं विरघळवायचं, गार पाणी घालून 23 लिटर करायचं, 20-21 डिग्रीला आलं की वरनं यीस्ट भुरभुरायचं, झाकण लावायचं. अर्ध्या तासात झालं.

खरा वेळ जातो तो धुण्यात. फर्मेंटर, चमचा, नळ, बाटल्या, जे जे बिअरला लागणार ते ते सॅनिटायझरनं स्वच्छ पाहिजे. दादा या बाबतीत लई कडक आहे आणि त्याची बिअर चांगली होते त्याचं निम्मं कारण तेच आहे असं मला मनापासनं वाटतं.

बुडबुडे थांबले म्हणजे झालं असं समजू नका. हायड्रोमीटर घ्या, म्हणजे पाण्याच्या मानानं बिअर किती दाट आहे ते मोजायची नळी. सुरुवातीला साधारण 1.040 दाखवतो, शेवटी 1.010 च्या आसपास येतो, आणि लागोपाठ दोन दिवस आकडा हलला नाही की मगच बाटलीत भरायची. घाई केली तर राहिलेली साखर बाटलीत आंबते, गॅस साठतो आणि काच फुटते, हे खरोखर धोक्याचं आहे. म्हणून पहिल्या वेळेला त्यांच्या 740 मिलीच्या प्लास्टिक बाटल्याच घ्या, 30 बाटल्यांत एक डबा बसतो. प्रत्येक बाटलीत साखरेच्या तयार गोळ्या दोन टाकायच्या, त्यानं गॅस धरतो. मग खोलीतच निदान दोन आठवडे ठेवायची, आणि डार्क एल महिना-दीड महिना ठेवली तर चव अजून मऊ, गोल होते. दादाची जुनी बाटली आणि नवी बाटली शेजारी शेजारी पिऊन बघितली, फरक कुणालाही कळेल इतका होता. वहिनीच्या सुक्या मटणाबरोबर तर जुनीच पाहिजे. जोर 4 ते 5 टक्क्यांच्या आत-बाहेर, म्हणजे साध्या बिअरएवढाच.

बाटलीच्या तळाला यीस्टचा गाळ बसतो, तो बघून घाबरू नका. कूपर्सची दुकानात मिळणारी हिरव्या लेबलची पेल एल आणा, तिच्यातही तो असतोच, तिकडचे लोक बाटली मुद्दाम आडवी फिरवून गाळासकट पितात. मला डार्क एल गाळाशिवाय आवडते, म्हणून बाटली रात्रभर फ्रीजमध्ये उभी ठेवायची, ग्लास तिरका धरून एका दमात ओतायची आणि शेवटचं बोटभर बाटलीतच सोडायचं.