कोकणात सुट्टीवर असताना 108: अॅम्ब्युलन्स सेवेचं परीक्षण

कोकणात किंवा गोव्यात सुट्टीवर असताना घरातल्या कुणाच्या छातीत कळ आली, कुणाला साप चावला, कुणी समुद्रात गटांगळ्या खाल्ल्या, तर पहिला फोन 108 लाच करावा, हे आमचं स्वच्छ मत. होमस्टेच्या मालकाला त्यानंतर हाक मारा, पुण्या-मुंबईतल्या फॅमिली डॉक्टरला त्याहून नंतर. मात्र फोन लागला म्हणजे आपलं काम झालं असं धरून बसलं, तर ही चांगली सेवासुद्धा तोकडी पडते. गाडी येईपर्यंतचा वेळ आणि पहिल्या रुग्णालयातून ‘पुढे न्या’ म्हटल्यानंतरचा वेळ, हे दोन्ही बऱ्याच अंशी नातेवाइकांच्याच हातात असतात.

आधी सेवेची चांगली बाजू. महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा, म्हणजेच इथली 108, 2014 मध्ये सुरू झाली ती 937 गाड्यांनिशी. त्यातल्या 233 एएलएस म्हणजे अॅडव्हान्स आणि 704 बीएलएस म्हणजे बेसिक. बेसिकमध्ये ऑक्सिजन, सक्शन, स्ट्रेचर, हाडाला आधार द्यायच्या पट्ट्या असतात. अॅडव्हान्समध्ये त्याखेरीज मॉनिटर, व्हेंटिलेटर आणि शॉक देण्याचं यंत्र. पण या सेवेची खरी ताकद यंत्रांत नाही. महाराष्ट्रात 108 च्या गाडीबरोबर डॉक्टर येतो, बेसिक गाडीतसुद्धा. आडगावातल्या वाडीवर, जिथे संध्याकाळनंतर दवाखाना बंद असतो, तिथे ही फार मोठी गोष्ट आहे. आणि सेवा पूर्ण मोफत आहे. डिझेलचे, ऑक्सिजनचे, कसलेच पैसे द्यायचे नसतात.

फोन उचलणारी व्यक्ती तुमच्या तालुक्यात बसलेली नसते, हे लक्षात ठेवून बोला. ‘आम्ही समुद्राजवळ आहोत’, ‘मोठ्या वडाच्या पुढे’ याचा तिला काही उपयोग नाही. जिल्हा, तालुका, गाव, वाडी, मग ठळक खूण, या क्रमाने सांगा. एकाच नावाच्या वाड्या कोकणात पावलोपावली आहेत, म्हणून तालुका सांगितल्याशिवाय वाडी सांगू नका. सीमेलगत असाल, म्हणजे बांदा, रेडी, तेरेखोल, केरी या पट्ट्यात, तर आधी राज्य सांगा. मोबाइल पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडू शकतो आणि फोन तिकडच्या नियंत्रण कक्षात जातो. गुगल मॅपवर आपल्या ठिकाणी बोट दाबून धरलं की आकडे दिसतात, ते मुक्कामाला पोचल्यावरच कागदावर लिहून भिंतीला चिकटवून ठेवा. गडबडीत ते शोधायला कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं.

पत्त्यानंतर वय, नेमकं काय होतंय, शुद्ध आहे का, श्वास चालू आहे का, इतकंच सांगा. इतिहास नंतर. फोन आपण ठेवायचा नाही, समोरच्याने ठेवला की ठेवायचा. गाडीच्या चालकाचा, त्याला 108 मध्ये पायलट म्हणतात, उलट फोन येतो. म्हणून ज्या मोबाइलवरून 108 लावला त्यावरून मुलीला, भावाला, मेहुण्याला फोन सुरू करू नका. लाइन व्यस्त राहते आणि पायलट तिठ्यावर ताटकळत उभा राहतो. नातेवाइकांना दुसऱ्या फोनवरून कळवा. आपल्या कंपनीची रेंज नसेल आणि दुसऱ्या कुणाची असेल, तर 112 लागू शकतो. तिथूनही अॅम्ब्युलन्स मागता येते.

आता कोकणातली खास अडचण: पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. समुद्राकाठची, बागेतली सुंदर घरं मुख्य रस्त्यापासून शंभर-दोनशे पावलं आत, जांभ्याच्या पायऱ्यांखाली असतात. तिथवर गाडी येत नाही. गाडी निघाल्याचं कळताच एका माणसाला टॉर्च घेऊन तिठ्यावर पाठवा आणि रुग्णाला उचलायची तयारी करा. स्ट्रेचर अरुंद वळणावर फिरत नाही. हात नसलेली मजबूत प्लॅस्टिकची किंवा लाकडी खुर्ची बरी पडते. एकाने पाठ धरायची, दुसऱ्याने पुढचे पाय, छातीला नि खुर्चीला मिळून चादर बांधायची. छातीत दुखतंय किंवा धाप लागलीय अशा माणसाला मात्र ‘हळूहळू चाल’ म्हणून पायऱ्या चढवू नका. वीस पायऱ्यांचा ताण आजारी हृदयाला पुरेसा आहे. बेशुद्ध माणूस खुर्चीत बसवायचा नाही, मान लटकून श्वास अडतो. त्याला कुशीवर ठेवून चादरीच्या झोळीतून न्यावं.

गाडीची वाट बघायची की स्वतःच्या गाडीने निघायचं? पायलटला थेट विचारा: किती किलोमीटरवर आहात? ते अंतर आणि आपलं रुग्णालयापर्यंतचं अंतर, दोन्हींची तुलना करा. अॅम्ब्युलन्स चाळीस मिनिटांवर आणि ग्रामीण रुग्णालय पंधरा मिनिटांवर असेल, तर निघा, पण कक्षाला कळवून निघा आणि वाटेत कुठे गाठ पडते का विचारा. तीन प्रसंगांत मात्र थांबणंच शहाणपणाचं: पडून किंवा अपघातात मान-पाठीला मार लागला असेल, ऑक्सिजनशिवाय हलवणं धोक्याचं वाटत असेल, किंवा श्वास बंद पडून छाती दाबणं चालू असेल. धावत्या गाडीत मागच्या सीटवर छाती नीट दाबता येत नाही.

हृदयविकाराची शंका असेल तर रक्त पातळ करणारी अॅस्पिरिन, 300 ते 325 मिलिग्रॅम, चावून खायला देतात. पण अॅलर्जी, पोटात रक्तस्राव किंवा तोंड-हात वाकडं झालं असेल तर नाही. 108 च्या डॉक्टरला फोनवर विचारूनच द्या. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. रक्तदाब कमी असताना, किंवा पुरुषाने आदल्या एक-दोन दिवसांत लैंगिक क्षमतेची गोळी घेतली असेल तर, सॉर्बिट्रेट रक्तदाब धोकादायक पातळीवर उतरवते. असल्या गोष्टी लोक लाजेने लपवतात. डॉक्टरला त्या सांगितल्याच पाहिजेत.

108 बहुतेक वेळा जवळच्या सरकारी रुग्णालयात नेते, आणि इथेच पर्यटकांचा खटका उडतो. ‘आम्हाला चांगल्या प्रायव्हेटमध्ये न्या’ हा वाद गाडीत घालू नये. सिंधुदुर्गात मालवणला ग्रामीण रुग्णालय, कणकवली आणि सावंतवाडीला उपजिल्हा, ओरोसला जिल्हा रुग्णालय अशी चढती रचना आहे. चिपळूण-सावर्डे भागात डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे. हृदयविकारात पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी आणि लवकरात लवकर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, हे लहान रुग्णालयातही होऊ शकतं. अँजिओप्लास्टी दोन तासांत होण्याची शक्यता नसेल तर इंजेक्शन आधी, प्रवास नंतर, हेच बरोबर. पक्षाघाताचं गणित वेगळं. तिथे सीटी स्कॅन झाल्याशिवाय इंजेक्शन देता येत नाही आणि मुदत साडेचार तासांची. ती मुदत रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. सकाळी उठल्यावर हात चालेना, तर घड्याळ रात्री झोपल्यापासून सुरू झालेलं असतं. म्हणून पक्षाघातात 108 च्या डॉक्टरला एकच प्रश्न विचारा: सीटी स्कॅन आत्ता चालू असलेलं जवळचं ठिकाण कोणतं?

सापाच्या बाबतीत कोकण अनुभवी आहे. सापाच्या विषावरची लस सरकारी आरोग्य केंद्रांत ठेवलेली असते आणि फुरसं चावलेले रुग्ण तिथल्या डॉक्टरांना नवे नाहीत. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, चावलेला भाग हलू न देता न्या. सुरुवातीचा डोस साधारण आठ ते दहा व्हायलचा, म्हणजे कुप्यांचा असतो, आणि मुलांनाही मोठ्यांइतकाच, कारण विष तेवढंच शिरलेलं असतं. ‘पोरगं लहान आहे, कमी द्या’ असा आग्रह धरू नये. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. आंबोलीसारख्या घाटातल्या हिरव्या चापड्यावर ती चालत नाही, तिथे उपचार लक्षणांवर होतात. साप मारून आणायची गरज नाही. वीस मिनिटं काचेच्या नळीत रक्त ठेवून ते गोठतं का, हे बघितलं की डॉक्टरला दिशा मिळते. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलं. विंचू चावून घाम, उलट्या, थंड हातपाय दिसले की ‘उतरेल आपोआप’ म्हणत बसू नका, मुलांच्या बाबतीत तर मुळीच नको.

बुडालेल्या माणसाचं पोट दाबून पाणी काढण्यात जीव जातो. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर 30 दाब नि 2 श्वास, दाब मिनिटाला 100 ते 120. शुद्धीवर येऊन ‘मी बरा आहे’ म्हणाला तरी रुग्णालयात न्या. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं.

गोव्यात 108 आहे 2008 पासून. अंतरं लहान, रस्ते चांगले आणि अरुंद गल्ल्यांसाठी मोटरसायकल अॅम्ब्युलन्स, त्यामुळे किनाऱ्यावरून मदत मिळणं तुलनेने सोपं. तिथली एक व्यवस्था विशेष कौतुकाची: लहान रुग्णालयात काढलेला ईसीजी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमधल्या हृदयरोगतज्ज्ञांना पाठवतात आणि इंजेक्शन तिथल्या तिथे देतात. महाराष्ट्रातून आलेल्यांनी इतकं ध्यानात ठेवावं की गोव्याबाहेरच्या रुग्णांना बांबोळीत 2018 पासून शुल्क लागू आहे, तेव्हा कार्ड-कागद जवळ असू द्यावेत.

सेवेची कमकुवत कडी आहे ‘रेफर’, म्हणजे पुढच्या मोठ्या रुग्णालयात पाठवणं. सिंधुदुर्गातून गंभीर रुग्ण बांबोळीला किंवा घाट चढून कोल्हापूरला जातो. कणकवलीहून फोंडा घाटाने कोल्हापूर शंभरेक किलोमीटर. इतक्या लांब गेलेली 108 परत येईपर्यंत तिचा भाग उघडा पडतो, म्हणून लांबच्या फेरीसाठी गाडी मिळायला वेळ लागणं साहजिक आहे. हा दोष गाडीतल्या माणसांचा नाही. गाड्या आणि अंतर यांचा मेळ अजून बसलेला नाही, आणि सरकारने तो बसवायलाच हवा.

अशा वेळी लोक खासगी ‘कार्डियाक’ अॅम्ब्युलन्स करतात. पाटीवर भरवसा ठेवू नका, मागचं दार उघडून बघा. मॉनिटर चालू करून दाखवायला सांगा. सोबत कोण येणार, डॉक्टर की फक्त चालक, हे पैसे ठरवण्याआधी विचारा. आणि सिलिंडर बघा. लहान, बी-टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना सुमारे 1,500 लिटर ऑक्सिजन असतो, उंच डी-टाइपमध्ये सुमारे 7,000. रुग्णाला मिनिटाला 10 लिटर लागत असेल तर लहान सिलिंडर अडीच तासांत रिकामा होतो. काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तासात, म्हणजे घाटातच. एक चालू, एक भरलेला राखीव, शिवाय बदलायचा पाना गाडीत, एवढं असल्याशिवाय निघू नये. पावसाळ्यात घाट चालू आहे ना, हेही निघण्याआधी विचारायचं. दरड कोसळली की अर्ध्या वाटेवरून परतावं लागतं.

निघण्यापूर्वी इथल्या डॉक्टरने तिथल्या डॉक्टरला फोन करून खाट पक्की केली पाहिजे. नातेवाइकाने केलेल्या चौकशीला खाट मिळाली असं समजू नये. सोबत रेफर चिठ्ठी, मूळ ईसीजी आणि दिलेल्या इंजेक्शनची वेळ लिहून घ्या. वेळ नसेल तर पुढचा डॉक्टर तेच औषध पुन्हा द्यायला कचरतो. अपघात किंवा सर्पदंश असेल तर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाच्या नोंदीचा नंबरही टिपून घ्या, विम्याला लागतो. पोलिसांचे सोपस्कार झाले नाहीत म्हणून उपचार अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं आहे. रस्ते अपघातासाठी 2025 च्या केंद्रीय योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार आहेत. त्यांची विचारणा दाखल करतानाच करा.

आरोग्य विमा असेल तर कंपनीच्या यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस मागता येतं, मात्र तातडीने दाखल झाल्यापासून 48 तासांच्या आत कंपनीला कळवावं लागतं. कॅशलेसच्या अर्जावर एका तासात आणि डिस्चार्जच्या मंजुरीवर तीन तासांत उत्तर देणं 2024 पासून विमा कंपन्यांना बंधनकारक आहे. अर्ज केल्याची वेळ रुग्णालयाच्या विमा खिडकीवर लिहून घ्या, आणि खासगी अॅम्ब्युलन्सची पावती गाडीच्या नंबरासह मागा. बऱ्याच पॉलिसींत तो खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो, पण नुसत्या कोऱ्या चिठ्ठीवर नाही.