‘मॉरोविंड’ : तीन देव, एक खून आणि दुभंगलेले मंदिर

बेथेस्डा कंपनीचा ‘द एल्डर स्क्रोल्स ३ : मॉरोविंड’ हा संगणकीय खेळ २००२ साली आला. त्यातील लढाई आज जुनाट वाटते, हे आधीच सांगितले पाहिजे. अगदी समोर उभ्या असलेल्या शत्रूवर केलेला वारही आतल्या आकडेमोडीमुळे हुकतो आणि सुरुवातीला चिडचिड होते. तरीही एका काल्पनिक धर्माचा उगम आणि त्यात पडलेली फूट इतक्या गांभीर्याने मांडणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही.

खेळातील डन्मर या काल्पनिक जमातीच्या या धर्मात आल्मालेक्सिया, सोथा सिल आणि व्हिवेक हे तीन जिवंत देव आहेत. ‘मंदिर’ म्हणजे हा धर्म चालवणारी संस्था; तिच्या अधिकृत कथेनुसार लाल पर्वतावरच्या लढाईनंतर सेनापती नेरेवार जखमांनी मरण पावला आणि त्याचे हे तीन सहकारी पुढे स्वतःच्या पुण्याईने देवपदाला पोहोचले. राखेच्या माळांवर भटकणाऱ्या अ‍ॅशलँडर टोळ्या मात्र पिढ्यान्‌पिढ्या वेगळेच सांगत आल्या आहेत : या तिघांनीच नेरेवारचा घात केला, पर्वताखालच्या एका मृत देवाच्या हृदयातून सामर्थ्य लुबाडले आणि त्याबद्दल आझुरा देवतेने दिलेल्या शापाने साऱ्या जमातीची सोनेरी कांती राखाडी झाली.

फूट पडते ती मंदिराच्या आतच. तिघांच्या देवत्वाबद्दल शंका घेणारे आणि धर्मरक्षकांच्या छळाला विरोध करणारे पुरोहित होलामायानच्या मठात लपून राहतात. त्या मठाचे दार फक्त पहाटे आणि तिन्हीसांजेला उघडते. मंदिराने दडवलेली भाकिते आणि पोथ्या त्यांनी जपल्या आहेत. त्यांना मदत करणारी ग्रंथपाल मेहरा मिलो पकडली जाते आणि व्हिवेक शहरावर अधांतरी लटकणाऱ्या प्रचंड शिळेतील तुरुंगात तिला डांबले जाते. ती शिळा व्हिवेकनेच थोपवून धरली आहे, अशी लोकांची श्रद्धा. तिच्याच पोटात पाखंड्यांसाठी कोठड्या कोरल्या आहेत. मंदिराची सत्ता समजावी म्हणून याहून वेगळे काही दाखवण्याची गरजच पडत नाही.

माझा आग्रह असा की, मुख्य कथानकाकडे वळण्यापूर्वी मंदिरात दाखल व्हावे आणि यात्रा कराव्यात. कुम्मूच्या शेतातल्या देवळात चिखल अर्पण करावा लागतो, कारण एका गरीब शेतकऱ्याचे जनावर मेले तेव्हा व्हिवेकने स्वतः त्याच्या जागी शेतात राबून दिले, अशी आख्यायिका आहे. दुसऱ्या एका यात्रेत देवळापर्यंत कुणाशी चकार शब्द बोलायचा नसतो. अशी भक्ती हातून घडल्यावर खुनाची कथा कानी आली की ती खरोखर बोचते. व्हिवेकच्या नावावरील छत्तीस प्रवचने तर शांतपणे बसून वाचण्यासारखी आहेत. एकोणतिसाव्या प्रवचनातील अंक धरून बाकीच्या प्रवचनांतले शब्द वेचले, तर त्यातून त्याची स्वतःची कबुलीच बाहेर येते.

उणीव आहे ती बंडखोर पुरोहितांच्या चित्रणात. होलामायानला पोहोचल्यावर ते कागदपत्रे हाती देतात, थोडे बोलतात आणि तेवढ्यावरच संपतात. त्यांचे आपसांतले मतभेद, त्यांच्या उपासनेचे नवे रूप, देव मानलेल्यांना नाकारल्यानंतर रोजचे जगणे कसे बदलते, यांतले काहीच खेळ दाखवत नाही. ज्यांनी आयुष्यभराची श्रद्धा सोडून हद्दपारी पत्करली, त्यांना याहून कितीतरी अधिक जागा मिळायला हवी होती.