क्रिएशन म्युझियम, केंटकी: डायनासोर झकास, ईयोबाचा अर्थ मात्र ओढूनताणून

पोरं डायनासोरवेडी असतील आणि अमेरिकेत सिनसिनाटीकडे येणं होणार असेल तर बायबलमधली सृष्टीची गोष्ट शब्दशः खरी मानून उभारलेल्या या म्युझियमला जाच, पण "बायबलमध्ये डायनासोर आहेत का" याचं उत्तर घ्यायला जाणार असाल तर पवित्र शास्त्र आधी घरी वाचून जा एवढंच म्हणेन. मी स्वतः ख्रिस्ती, नगरची, संडेस्कूलमध्ये वाढलेली, तेव्हा कुणाची टर उडवायला लिहीत नाहीये.

म्युझियम पीटर्सबर्गला आहे, सिनसिनाटी एअरपोर्टपासून जवळच. २००७ ला उघडलं, केन हॅम यांची आन्सर्स इन जेनेसिस ही संस्था चालवते. डिझाइनवाले पॅट्रिक मार्श आधी युनिव्हर्सल स्टुडिओजच्या राइड्स करायचे आणि ते कळतंच, मान वळवणारे डायनासोर काय, त्यांच्या शेजारी निवांत खेळणारी माणसांची पोरं काय, आमचं धाकटं तिथनं हलेचना. आदाम-हव्वेची एदेन बागही सुरेख केलीय. बाहेर गार्डन आणि छोटं झू आहे, तेव्हा अख्खा दिवस काढून जा.

सगळ्यात भारी म्हणजे एबेनेझर. ॲलोसॉरस या मांसाहारी डायनासोरचा खरा सांगाडा, कोलोरॅडोत सापडलेला, कवटीच ३४ इंच लांब आणि त्यात ५३ दात!! आता इथलं म्हणणं असं की आदाम-हव्वेचं पापात पतन होण्याआधी सगळे प्राणी शाकाहारी होते, बायबलच्या उत्पत्ती १:३० मध्ये हिरवी वनस्पती अन्न म्हणून दिलीय ना म्हणून. माझ्या थोरल्याने ते दात बघितले आणि विचारलं, मग हे दात पालकाची भाजी खायला दिले होते का? मी म्हटलं चल पुढे.

त्यांच्या हिशोबाने पृथ्वी साधारण ६००० वर्षांची, डायनासोर आणि आदाम दोघंही सृष्टी घडवण्याच्या सहाव्या दिवसाचे, आणि जलप्रलयातून वाचवणाऱ्या नोहाच्या तारवात डायनासोरची पिल्लं होती. बायबलमधला त्यांचा मोठा पुरावा म्हणजे ईयोबाच्या पुस्तकाचा ४० वा अध्याय, त्यातला बेहेमोथ नावाचा महाकाय प्राणी, त्याची शेपूट गंधसरूच्या झाडासारखी. हत्ती किंवा पाणघोड्याची शेपूट एवढीशी, म्हणजे हा लांब मानेचा, लांब शेपटीचा सॉरोपॉड डायनासोरच असणार. शेपटीचं पटतं, खरंच पटतं. पण तोच अध्याय २१ ते २३ वचनं वाचा की, तो झाडाच्या सावलीत, लव्हाळ्यात, दलदलीत पडून राहतो आणि यार्देन नदीला पूर आला तरी घाबरत नाही. हा पाणघोडाच वाटतो की नाही? आणि देव तिथे ईयोबाला प्राणिशास्त्र शिकवत नाहीये हो, मुलं गेली, अंग फोडांनी भरलं, अशा माणसाला तो विचारतोय की मी सृष्टी घडवली तेव्हा तू कुठे होतास. तिथनं शेपटीचं माप काढत बसायचं हे मला जरा कसंतरीच वाटतं. माझ्या मते बायबलमध्ये डायनासोर नाहीत आणि नसल्याने माझ्या विश्वासाचं काही बिघडत नाही, त्यात कांगारूही नाहीत.

दोन शास्त्रज्ञ एकच जीवाश्म खणतायत असा एक सीन आहे, पुरावा तोच पण सुरुवातीचं गृहीतक वेगळं म्हणून निष्कर्ष वेगळे, असं दाखवलंय. मांडणी हुशार आहे. फक्त आपण सह्याद्रीवाले, घाटात कापलेल्या कड्यात काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये लाल पट्टा दिसतो ना, तो म्हणजे लाव्हा थंड होऊन वर माती तयार झाली, मग त्यावर पुन्हा लाव्हा आला. असे थरावर थर. त्यांच्यासारखं बहुतेक जीवाश्म नोहाच्या एका जलप्रलयात गाडले गेले म्हणायचं तर हे थर मध्ये कुठे बसवायचे? आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं आणि दगड झालेलं शेण सापडलंय, तेही याच लाव्हाच्या काळातलं, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं. यावर तिथे काही मिळालं नाही मला.

बाकी सगळं स्वच्छ, व्हीलचेअर आरामात फिरते, लोक फार प्रेमाने बोलतात. तिकीट स्वस्त नाही. याच संस्थेचं विल्यम्सटाऊनचं नोहाचं तारू (५१० फूट लांब प्रतिकृती, आत पिंजऱ्यात डायनासोर आहेतच) साधारण पाऊण तासावर, पण एकाच दिवशी दोन्ही करू नका, लहान मुलं कंटाळतात. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, त्यातले दोन एकट्या एबेनेझरचे.